रिकाम्या हाताने परत यायची पैज

जयपूर स्टेशनवर उतरून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोवर मी तीन रिक्षावाले, एक हॉटेलवाला आणि लाखेच्या बांगड्या विकणारी एक बाई यांना परतवून लावलं होतं. साताऱ्यात मी बावीस वर्षं विम्याच्या पॉलिसी विकते. लोकांना 'नाही' म्हणू न देणं हाच माझा धंदा. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचे देशपांडे काका सोडले, तर माझ्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. मला हे फेरीवाले काय विकणार?

ही फुशारकी मी बनी पार्कात, रेल्वेत नोकरीला असलेल्या भावाच्या घरी चहा पिताना मारली आणि तिथेच फसले.

"वन्सं, हवामहालासमोरून रिकाम्या हाताने परत येऊन दाखवा," वहिनी म्हणाली. "मतलब, एक सेफ्टीपिनसुद्धा हातात दिसता कामा नये."

"आणि दिसली तर?"

"रविवारी आपली इथली मराठी मंडळी जेवायला आहेत. वीस माणसांच्या पुरणपोळ्या तुम्ही करायच्या."

माझी पोळी लाटतानाच फुटते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भाऊ पेपरात तोंड खुपसून हसत होता. मी पैज घेतली.

सकाळी ई-रिक्षाने बापू बाजारात उतरले. पहिल्याच दुकानासमोर एकाने जूती (नक्षीची मोजडी) पुढे केली. "पहनके देखो मैडम, लेना मत."

अरेच्चा, हे तर माझंच वाक्य! 'नुसतं ऐकून घ्या, पॉलिसी घेऊ नका,' असं म्हणतच मी लोकांच्या हातात फॉर्म ठेवते. वस्तू हातात गेली की अर्धी विकली गेली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पुढे निघाले.

पुढे एकाने लहरियाची (तिरप्या रंगीत पट्ट्यांची) ओढणी सरळ माझ्या खांद्यावर टाकली आणि माझ्याबरोबर चालू लागला. चार दुकानं झाली तरी हटेना. मग माझी खोड जागी झाली.

"भैया, आपकी उमर कितनी?"

"पैंतीस. क्यों?"

"बीमा निकाला है?"

पुढच्या दोन मिनिटांत अपघात, आजारपण, मुलांची शिक्षणं असं सगळं मी त्याच्यासमोर मांडलं. "बाद में आता हूँ," म्हणत त्याने ओढणी काढून घेतली आणि गर्दीत नाहीसा झाला. रामबाण औषध सापडलं होतं! हवामहालापर्यंत मी आणखी पाच जणांना असं पळवलं. त्या आनंदात एक प्याज कचोरी (कांद्याची कचोरी) खाल्ली. ती इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, पण ती पोटात गेली, हातात काही उरलं नाही.

हवामहालासमोरच्या फुटपाथवर एक लाल घागऱ्याची बाहुली ठुमकत माझ्या चपलेपर्यंत आली आणि वाकून नमस्कार करून उभी राहिली. दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला भरघोस मिशांचे एक गृहस्थ होते, भंवरजी.

"पधारो बाईसा (या, ताई)."

"आपकी उमर कितनी?" मी लगेच सुरू झाले.

"बावन," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यापुढे स्टूल सरकवलं. "बैठो."

हा पळेना! मी बोलत गेले, ते ऐकत गेले. दोन मुली आहेत म्हणाले. त्या शिकत असताना आपलं काही बरंवाईट झालं तर काय, असं नेमकं विचारलं. बावीस वर्षांत माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. चेष्टा करायची विसरून मी त्यांना कागदावर सगळं नीट लिहून दिलं आणि उठले, रिकाम्या हाताने, विजयी.

तेवढ्यात त्यांनी ती लाल घागऱ्याची बाहुली माझ्या हातात ठेवली.

"कितने की?"

"बेच कौन रहा है? आपने मेरी छोरियों की फिकर की. बहन-बेटी हमारे यहाँ से खाली हाथ नहीं जाती."

मी पैसे पुढे केले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

दर जानेवारीत मी गिऱ्हाइकांना फुकट कॅलेंडर वाटते. त्यामुळे माझ्यावर काय प्रयोग चाललाय हे मला स्वच्छ कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही. मला भरून आलं होतं.

"विकत नाही घेतली," घरी पोचल्यावर मी दारातच सांगितलं.

"पैज रिकाम्या हाताची होती," वहिनी म्हणाली आणि हरभऱ्याच्या डाळीचा डबा माझ्यापुढे ठेवला.

रविवारी मंडळींनी पुरणपोळी वाटीत घेऊन चमच्याने खाल्ली. सोमवारी मी आपणहून भंवरजींकडे गेले आणि सहा बाहुल्या विकत घेतल्या. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. पिशवी त्यांनी काढूनच ठेवली होती.

साताऱ्याला येईपर्यंत गाडीत मी एकच विचार करत होते, ती बाहुली त्यांनी मायेने दिली की धंद्यासाठी? उत्तर सापडलं नाही. माझ्या कॅलेंडरांचंही ते मला कधी सापडलेलं नाही.

घरी आल्यावर एक बाहुली देशपांडे काकांच्या नातीला दिली. काका पाकीट काढू लागले, तेव्हा मी हात पाठीमागे बांधले.

चौथ्या दिवशी ते दोन जिने चढून वर आले. दारात जरा घुटमळले.

"अगं, ते तुझं विम्याचं काय ते..."

"या काका," मी म्हणाले आणि त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.