पांढऱ्यावर बसलेली नजर

यवतमाळहून दिग्रसला येणारी संध्याकाळची एसटी धावजी राठोड चालवायचा. तांड्याच्या फाट्यावर उभ्या असलेल्या मजूर बायांना त्याच्या गाडीला कधी हात दाखवावा लागला नव्हता. वळण संपलं की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. म्हणून त्या आठवड्यात दुसऱ्यांदा तो फाटा ओलांडून पुढे गेला, तेव्हा कंडक्टर मारोती घंटी सोडून सरळ ओरडलाच, "ओ राठोड, बाया राह्यल्या ना मांगं!"

गाडी थांबली. बाया धावत आल्या. त्यांच्यातली मानीबाई पायरीवरूनच सुरू झाली.

"काहून गा धावजी, आमी काय भुतं हाओत का?"

"सरकारले म्हना, याले चष्मा दे!" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्या हसल्या. धावजीही हसला, पण गिअर टाकताना त्याचा हात चुकला. बाया त्याला दिसल्या होत्या. दिसूनही पाय हलला नव्हता. आज बाया राहिल्या, उद्या एखादं पोर आडवं आलं तर?

"स्टेअरिंग सोडतो," घरी येऊन त्यानं बायकोला, भुरीबाईला सांगितलं. "डोकं काम देत नाई आता. डेपोत हलकं काम मांगतो."

"आंधी डाक्टरले दाखवा. डोक्याचा निकाल घरीच लावता का?"

डोळ्यांच्या डॉक्टरनं नजर स्वच्छ असल्याचं सांगितलं, आणि धावजी जास्तच घाबरला. म्हणजे बिघाड डोक्यातच. सुट्टी टाकून तो यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर ऋचा वयानं त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी आकडे जोडायला लावले, नावं उलट्या क्रमानं म्हणायला लावली. सगळं जमलं.

"काका, त्या फाट्यावर तुम्ही नेमकं काय बघता?"

"बाया."

"डोळे मिटून सांगा."

धावजीनं डोळे मिटले. "पांढरं," तो म्हणाला, आणि स्वतःच थबकला.

कापूस वेचणीच्या पांढऱ्या फडक्यांची गाठोडी. दरवर्षी या दिवसांत ती बायांच्या डोक्यावर असायची, वळणावरूनच चमकायची. यंदा लाल्या रोगानं कपाशी उभ्या उभ्या लाल पडली, वेचणी सुरू होते न होते तोच संपली. बाया तुरीच्या सोंगणीला जाऊ लागल्या होत्या. डोकी मोकळी, हातात विळे.

"मेंदू एकदम सगळीकडे लक्ष देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काय शोधायचं ते तो आधी ठरवतो आणि तेवढंच पुढे आणतो. तुमचा पांढरं शोधत होता. ते नव्हतं, म्हणून बाया दिसूनही मागे पडल्या."

"म्हंजे माह्यं डोकं शाबूत हाये?"

"अगदी."

"अन् पोर आडवं आलं तं?"

"अचानक काही हललं की लक्ष बहुतेक वेळा आपोआप तिकडे जातं. उभ्या माणसांचं मात्र मेंदूला सांगावं लागतं. वळणाआधी मोठ्यानं म्हणत जा, बाया."

दवाखान्याबाहेर येऊन धावजीनं रसवंतीवर दोन ग्लास रस मागवला आणि दोन्ही एकट्यानंच प्याला.

दुसऱ्या दिवशी वळण जवळ आलं तसा तो म्हणू लागला, "बाया, बाया, बाया."

"काय झालं, राठोड? वयिनीले सांगू का?" मारोती म्हणाला.

गाडी बरोबर फाट्यावर थांबली. मानीबाई चढली, त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "आज बरं दिसलो आमी!"

"बसा मावशी, जागा हाये."

एवढंच बोलून त्यानं गिअर टाकला. दोन्ही बाजूंना लालसर पडलेली वावरं मागे जात होती. पुढच्या थांब्याआधी तो पुन्हा पुटपुटू लागला, "माणसं, माणसं," आणि तिकिटं फाडता फाडता मारोतीनंही त्याच्या सुरात सूर मिसळला.