सनईवाल्याचं नाव

नव्या छापील अंकाचा शाईचा वास आला की लातूरच्या आमच्या दैनिकातली एक दुपार आठवते. सीमेवर लढाई झाली ते वर्ष सरत आलं होतं आणि वर्षभरात वारलेल्या नामवंतांचं पान मी लावत होतो. नेते, गायक, नट, आणि वर चौकटीत आपल्या भागातले शहीद जवान. तेवढ्यात रेणापूरकडच्या खेड्यातून एक बाई आल्या आणि त्यांनी नवऱ्याचा फोटो माझ्यापुढं ठेवला. "सनई वाजवायचे. आमच्या भागात एक लगीन त्यांच्याबिगर झालं न्हाई, साहेब. पेपरात एक ओळ बी न्हाई आली." कधी गेले, असं मी विचारलं. त्यांनी चौकटीतल्या एका जवानाच्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्या लेकराला गावात आणलं, त्याच दिवशी सकाळी. दीर म्हणले, न्यायचं का आता. मी म्हणलं, थांबा. लेकरू लहान हाय, आधी त्याचं होऊ द्या." दिवस मावळेपर्यंत त्या नवऱ्याजवळ बसून राहिल्या. मग घरच्या चौघांनीच त्यांना नेलं. पान तर भरलं होतं. मी संपादकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एका माजी मंत्र्याचा मजकूर अर्ध्यावर आणला आणि म्हणाले, "हे सगळं फोटोसकट घ्या." पुढच्या आठवड्यात जवानाच्या वडिलांचं पत्र आलं, "त्या आमच्यासाठी थांबल्या, हे ठाऊकच नव्हतं. काल सगळा गाव त्यांच्या घरी जाऊन आला." वर्षअखेरचं ते पान आजही दरवर्षी मीच लावतो. लावायच्या आधी मी खेड्यांतल्या वार्ताहरांना फोन करतो आणि विचारतो, यंदा तुमच्याकडं कोण गेलं?