वाचायला कान कशाला?

उज्जैनच्या मंडळींनो, हे वाचून झालं की आपापल्या फोनची सेटिंग बघा.

आज सकाळी नानाखेड्याला बाबांकडे गेले होते. ते बँकेतून रिटायर झालेत. त्यांना पेन्शनचा पीडीएफ फॉर्म उघडायचा होता, म्हणून मी त्यांच्या फोनमध्ये एक फ्री रीडर टाकून दिला. फॉर्म उघडला, अक्षरंही हवी तेवढी मोठी झाली. सही करायला गेलो तर म्हणे पैसे भरा! वर माइकची परवानगी मागायला लागला.

बाबा सावध झाले. "वाचायला कान कशाला लागतात गं याला? काढून टाक. काहीतरी चक्कर आहे."

मी हसले.

घरी येऊन माझा फोन बघितला. तोच रीडर, आणि माइकची परवानगी मीच दिलेली, वर्षापूर्वी.

बाबांना भेटून सांगणार आहे, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तुमच्या रीडरला कान आहेत का?