सोलरची गाडी आणि काकूंची दोन वाक्यं

मंडळी, आज इंदुरात आमच्या कॉलनीत वेब सिरीजचं शूटिंग झालं. डिझेलच्या जनरेटरऐवजी सोलरची गाडी आली होती. टपावर पॅनल, पोटात बॅटऱ्या.

शेजारच्या जोशीकाकूंना दोन वाक्यं मिळाली होती. धास्ती एकच: जनरेटर घरघरला, तर त्यांचा आवाज काढून मुंबईची कुणी बाई डबिंग करणार.

सकाळी दहालाच शूटिंगचे दिवे विझले. बॅटरी संपली. दिग्दर्शक डिझेलचा जनरेटर मागवायला लागला. मी पाहिलं, तर गाडी कडुनिंबाच्या गार सावलीत.

"भिया, इसको छाँव में क्यों लगाया?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"बीस साल से जनरेटर छाँव में ही लगाता हूँ, बाबूजी. धूप में तप जाता है."

काकू दिग्दर्शकाला म्हणाल्या, "बेटा, दो घंटे रुक जाओ. तब तक पोहे खाओ."

इंदुरात पोह्यांना नाही म्हणायची सोय नाही. गाडी उन्हात गेली, आणि दुपारी काकू पहिल्याच टेकमध्ये बोलल्या.

सिनेमावाल्यांचं पर्यावरणप्रेम किती टिकेल, ठाऊक नाही. पण आज एवढी शांतता होती की वाक्याआधी काकूंनी घेतलेला श्वासही रेकॉर्ड झाला. तोही ठेवणार आहेत म्हणे.

तुमच्या गल्लीतल्या शूटिंगमध्ये काय ऐकू येतं हो?