सिनेमात रडलेला नवरदेव
तो सिनेमा मध्यंतरानंतर फार लांबला होता, पण नायिकेने काम इतकं सुंदर केलं होतं की माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

झालं असं. केनवडची एक मुलगी मला सांगून आली होती, वैशाली. घरी पोहे खाऊन झाले, पसंती जवळपास झाली. पण तिच्या वडिलांचं एक खास तत्त्व होतं. "पोहे खातानी सगळेच पोरं सोजवळ दिसतात जी! पिच्चर पाहता पाहता मानूस समजते." म्हणून वाशीमच्या टॉकीजमध्ये आम्ही चौघं ओळीने बसलो : मी, माझे मामा, तिचे वडील आणि पार त्या टोकाला वैशाली. (बोलायची सोय नाही. ऐकू आलं असतं ते फक्त मामांना!)

सिनेमा एका सुनेचा होता. अंथरुणाला खिळलेल्या खाष्ट सासूचं ती वर्षानुवर्षं सगळं करते आणि एक दिवस सासू जाते. इथे सिनेमा संपायला हवा होता. संपला नाही! पुढे अर्धा तास भाऊबंद, वाटण्या, कोर्ट. मी तीनदा जांभई दाबली. आणि अगदी शेवटी ती बाई सवयीने दोन कप चहा करते. दुसऱ्या कपाकडे बघत राहते आणि तो गुपचूप पातेल्यात परत ओतते. एक शब्द नाही, डोळ्यात पाणी नाही. काय काम केलं हो त्या बाईने! आख्ख्या टॉकीजमध्ये चिडीचूप शांतता.

त्या शांततेत मी हंबरडा फोडला!

हुंदका वगैरे नाही, हंबरडा! पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून माझ्या सुरात सूर मिसळू लागलं.

बाहेर आल्याबरोबर वडिलांनी मामांना गाठलं. "पोरगं काहून रडलं जी? काही लफडं-गिफडं तं नाही ना?"

मामा मदतीला धावले. (मामा मदतीला धावले की मला धडकी भरते.) "छ्या! त्याचे डोळे आले हायेत."

"डोळे आले? मंग आमच्या पोरीले कायले साथ लावून राह्यले?"

"साथीचे नाही जी! त्याच्या डोळ्यातून लहानपनापासूनच पानी येते."

"म्हंजे जल्माचा दोष! आन् आमाले आता सांगून राह्यले?" वडील माझ्याकडे वळले. "ते समोरची पाटी वाचा."

माझं रडणं अजून ओसरलं नव्हतं. पाटी कुठली, समोरचं दुकानच मला पाण्यात बुडालेलं दिसत होतं. मी खरं तेच बोललो, "मले काहीच दिसत नाही."

"चाल व पोरी घरी!"

मी हादरलो. मुलगी मला मनापासून आवडली होती. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा बाबा." मग मला विचारलं, "कोन्त्या सीनले रडले तुमी?"

"ते... दुसरा कप... परत ओतते..."

"माझे डोळे पाहा बाबा." तिचे डोळे लालभडक होते. "मीबी तिथंच रडली. मंग माझ्यातबी दोष हाय काय?"

वडिलांनी तिचे डोळे निरखून पाहिले. मग चार चहा सांगितले. लग्न जमलं आणि मी मनाशी म्हटलं, काळजाला काळीज मिळालं!

परवा तोच सिनेमा टीव्हीवर लागला. कोर्ट आलं तशी बायको घोरायला लागली. चहाचा सीन आला, मी रीतसर रडलो आणि तिला हलवलं. "वैशाली, आपला सीन!"

"झोपू द्या ना. तवाबी झोपलीच होती."

"आणि ते लाल डोळे?"

"झोपेतून उठल्यावर पांढरे राह्यतात काय?"

"मग सीन कसा माहीत होता?"

"आदल्या हप्त्यात बाबानं शिरपूरच्या पोरासंग दाखवला होता ना! तो मोबाईल पाहत बसला, म्हनून बाबानं त्याले कटवलं. तुमचंबी मोडलं असतं तं तिसऱ्या पोरासंग पुन्यांदा तेच कोर्ट पाहा लागलं असतं. मनात म्हटलं, हेच पोरगं बरं!"

त्या बाईच्या अभिनयाचं कौतुक मी आजही करतो, आता तर दोन्ही बायांचं करतो. फक्त सिनेमा लांबला होता, असं मात्र कुठे बोलत नाही. तो अर्धा तास कमी असता, तर मी आजही बिनलग्नाचा असतो!