बुर्गीचा तिसावा नाच

म्युनिकमध्ये खरेदी कुठं करावी असं पाहुण्यांनी विचारलं, की लोक त्यांना खुशाल माक्सिमिलियान रस्त्यावर धाडतात. जा बाबांनो, जा. तिथं अख्ख्या काचेमागे एकच पिशवी ठेवलेली असते आणि तिच्यावर दिवा सोडलेला असतो. पण संध्याकाळी सात वाजता खायला बरोब्बर पिकलेली नाशपाती हवी असेल, तर आमच्या मंडईत यावं लागतं. निळ्यापांढऱ्या खांबापासून तिसरा गाळा, वाल्बुर्गा श्टाडलहूबरचा.

वाल्बुर्गाला सगळी मंडई बुर्गीच म्हणते. वय अडुसष्ट, बांधा थोराड आणि तोंड असं फटकळ, की नवखं गिऱ्हाईक घाबरून पलीकडच्या गाळ्यावर जातं. तिच्या फळांना कुणी हात लावायचा नाही. लावला की संपलंच. एकदा फरचा कोट घातलेल्या बाईनं पीच दाबून बघितला, तर बुर्गी म्हणाली, "काय हो बाई, नातवाचे गालसुद्धा असेच दाबून घेता का?"

ती गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारते. "कधीसाठी?" आज रात्री म्हणालात तर एक फळ, गुरुवारी म्हणालात तर दुसरं. बोटांनी नुसतं स्पर्शून तिला कळतं. 'बघू, खाऊ कधीतरी' म्हणणाऱ्याला ती काही विकतच नाही. "आधी घरी जाऊन ठरवा, मग या," म्हणते.

कोर्बिनियान ऐनमिलर अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला, तेव्हा ट्राम चालवायचा. गणवेशातच होता. बायको नुकतीच गेलेली, काय आणावं, कसं आणावं, काही कळत नव्हतं बिचाऱ्याला. त्यानं नाशपातीत अंगठा रुतवला. "ओ ट्रामवाले, ब्रेक नाहीये तो!" बुर्गी कडाडली. त्या दिवसापासून तो रोज यायचा, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहायचा आणि एकच नाशपाती घ्यायचा. "कधीसाठी?" "आज संध्याकाळसाठी, बुर्गीबाई." बस्स, एवढंच बोलणं. नोकरी संपली तरी त्याचं येणं काही संपलं नाही.

"अगं, रोज कोण नाशपाती खातं?" शेजारची अंडीवाली ओटिली डोळे मिचकावायची. "गुडघ्याला बाशिंग बांधून उभा आहे तो!"

"गप गं. तुझी अंडी विक तू."

आता नाचाचं सांगतो. उपवासाचे चाळीस दिवस लागायच्या आदल्या मंगळवारी आमच्या मंडईतल्या बायका खांबाजवळ मंच बांधून नाचतात. जी जे विकते, त्याचंच सोंग घेते. बुर्गीची आई क्रेसेंत्स एकोणतीस वर्षं नाचली होती. तिचा फोटो तराजूच्या वर टांगलेला आहे, हनुवटी वर करून बघणारा. "माझ्यापुढं जाऊन दाखव," असं म्हातारी शेवटपर्यंत लेकीला डिवचायची. तिचा नियमही कडक होता. नाच पुरा केला तरच धरायचा, मध्येच थांबलेला धरायचा नाही. मागच्या वर्षी बुर्गीनं एकोणतीस पुरे केले. यंदा तिसावा. देवापुढे बोलावं तशी ती रोज सकाळी फोटोपुढे बोलायची, "आई, थांबच आता तू."

आणि जानेवारीत सफरचंदांची पेटी घेऊन ती बर्फावरून घसरली. गुडघा टरबुजाएवढा सुजला. नाच बसवायचं काम ओटिलीकडे असतं. तिनं बुर्गीचं नाव रांगेतून काढलं.

"मंचावर खुर्ची ठेवते तुझ्यासाठी," ती म्हणाली. "सोंग घालून बस. शोभा येईल."

"शोभा? मी काय फुलदाणी आहे?"

"पडलीस तर कोण उचलणार तुला, क्रेन?"

बुर्गीनं तिला चार शब्द सुनावले खरे, पण दुपारी पेट्यांच्या आडोशाला बसून ती ढसाढसा रडली. ओटिलीनं ते ऐकलं. जीभ तिखट असली तरी बाई मनानं लोण्यासारखी आहे. "बरं बाई," तिनं पेट्यांपलीकडून सांगितलं. "शेवटच्या तालमीत न थांबता नाचून दाखव. मग घेते."

मग काय, बुर्गी हट्टालाच पेटली. गिऱ्हाईक नसलं की दोन पेट्यांमधल्या हातभर जागेत एक दोन तीन, एक दोन तीन. कोर्बिनियाननं हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा दुसरं वाक्य बोलला.

"बुर्गीबाई, वळताना घाई करताय तुम्ही. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा असतो."

"आता तुम्ही मला नाच शिकवणार?"

"नाच नाही येत मला," तो म्हणाला. "पण अठ्ठावीस वर्षं वळणं घेतलीत."

बुर्गीनं करून बघितलं. दुखलं, पण कमी दुखलं! त्यानंतर तो रोज गाळ्याबाहेर हात पाठीमागे धरून उभा राहायचा आणि हळूच म्हणायचा, "हळू... हळू... आता सोडा." लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला वेड लागलं. शेवटच्या तालमीत बुर्गी पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचली आणि ओटिलीनं तोंड वाकडं करत तिचं नाव परत लिहिलं.

मंगळवारी मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांच्या मिशांना डोनटची साखर लागलेली, हातात बिअर, डोक्यावर नाही नाही त्या टोप्या. ओटिली फुटक्या अंड्यातून डोकं बाहेर काढून आली होती. बुर्गी झाली होती नाशपाती, हिरवीपिवळी, पोटाशी वेताच्या दोन कड्या आणि डोक्यावर देठ. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला, अगदी शेवटच्या फेरीत, गुडघा अडकला.

रांग पुढं गेली. बुर्गी मंचाच्या मधोमध एकटी उभी राहिली. तिला आईची ती वर केलेली हनुवटी दिसायला लागली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून जुनी ट्रामची टोपी घातलेला एक माणूस धडपडत मंचावर चढला. कोर्बिनियान. त्यानं पाठीमागचे हात सोडले आणि तिचं कोपर धरलं.

"हात लावायचा नाही!" बुर्गी ओरडली.

सवयीनं ओरडली हो! चाळीस वर्षांची सवय, जाते का अशी? माईक जवळच होता. ते अख्ख्या मंडईनं ऐकलं आणि हास्याचा असा गडगडाट झाला की विचारू नका. कोर्बिनियानचे कान लालबुंद झाले. त्याचे हात परत पाठीमागे गेले आणि तो खाली उतरायला वळला.

"ओ ट्रामवाले!" बुर्गीनं हाक मारली. तिनं आपला हात पुढं केला होता. "कधीसाठी?"

"आत्तासाठी, बुर्गीबाई."

आणि दोघं नाचले. तो तालात नव्हता, पण वळणं अशी अलगद घेतली त्यानं, की गुडघा कुरकुरलासुद्धा नाही. ओटिली अंड्यात उभी राहून एकीकडे हसत होती, एकीकडे रडत होती. फेरी पुरी झाली. बुर्गी तशीच, सोंगासकट, लंगडत गाळ्यावर गेली आणि फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "तीस, आई. मोज."

बुधवारी कोर्बिनियान नेहमीच्या वेळी आला. हात पाठीमागेच.

बुर्गीनं काही विचारलं नाही. तिनं नाशपातींची पेटी त्याच्यापुढं सरकवली. "घ्या. तुम्हीच निवडा."

पलीकडे ओटिलीच्या हातातलं अंडं फुटलं. कोर्बिनियाननं हात पुढं आणला, सगळ्या नाशपात्यांवरून सावकाश फिरवला आणि एक उचलली.

"अकरा वर्षांत काही शिकला नाहीत," बुर्गी म्हणाली. "दगड आहे तो. रविवारशिवाय पिकायचा नाही."

"माहितीये," तो म्हणाला. "रविवारी मंडई बंद असते ना."

बुर्गीनं पेटीतून तशीच कडक असलेली दुसरी नाशपाती शोधली आणि तीही त्याच्या पिशवीत टाकली.