दोनदा गाळलेलं औषध

आमच्या सात पिढ्यांत बी.एस्सी. झालेला मी एकटाच, आणि त्याचा त्रास मला सोडून बाकी सगळ्यांना झालेला आहे.

नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. शिरपूरकडून येऊन मी सिल्वासाच्या एका कारखान्यात लॅबला लागलो होतो. गावातल्याच टोकरखाडा वस्तीत दोन खोल्या, बायको सुनंदा आणि चार वर्षांची पिंकी. पिंकीला जन्मापासून थायरॉईड कमी, म्हणून रोज सकाळी औषध. मुंबईच्या एका इस्पितळातून ते पातळ बनवून मिळायचं. बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी, एक खाच म्हणजे एक दिवस.

मग ते बनवणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि औषध बंद! वापीचे डॉक्टर म्हणाले, "अब गोली देंगे. रोज आधी, म्हणजे अर्धी. महिन्यानं रक्त तपासू, मग कमी-जास्त करू."

गोळी द्यायची कशी, हेही त्यांनी सांगितलं म्हणे. त्या वेळी मी त्यांना माझा केमिस्ट्रीचा फर्स्ट क्लास सांगत होतो, त्यामुळे ते काही माझ्या कानावर आलं नाही.

पहिल्या सकाळी पिंकीनं अर्धी गोळी अशी थुंकली, की ती थेट शेजारच्यांच्या लोणच्याच्या बरणीवर!

"अहो, डॉक्टर म्हणाले होते, चुरून थोड्या पाण्यात..." सुनंदा म्हणाली.

"रोज चुरत बसणार? अगं, इथं सायन्स वापरायचं असतं!"

आणि मी सायन्स वापरलं. महिन्याच्या पंधरा गोळ्या एकदम खलल्या, जुन्या बाटलीत पाणी घालून हलवल्या. तीस खाचांची नवी पट्टी चिकटवली. (पट्टी इतकी सरळ होती की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.) पण तळाशी पांढरा गाळ बसला. लॅबमध्ये गाळ दिसला की आमचा हात आपोआप फिल्टर पेपरकडे जातो. नरसाळं लावलं, गाळलं, गाळ मोरीत टाकला. बाटली कशी काचेसारखी!

पिंकी खुशीनं प्यायली. "पप्पा, हे पाण्यासारखं लागतं."

"हीच तर कमाल आहे!"

महिना होत आला. माझ्या सायकलची घंटा ऐकून फाटकापर्यंत धावत येणारी पोर आता उंबऱ्यावर बसूनच हात हलवायची. पुढं पुढं तोही हलवेना.

"अहो, हिचे हातपाय गार लागताहेत."

"थंडी आहे."

"एप्रिलमध्ये?"

रक्ताचा रिपोर्ट आला. वाईट. डॉक्टर बुचकळ्यात पडले. "अजीब है. पूरी गोली कर दो. पंधरा दिवसांनी परत दाखवा."

आता तीस गोळ्या! गाळ दुप्पट! "माल भेसळीचा दिसतो," असं म्हणत मी फिल्टर पेपरची दुहेरी घडी घातली आणि दोनदा गाळलं.

पंधरा दिवसांनी पिंकीला कडेवर घेऊन गेलो. चालायलाच तयार नव्हती. डॉक्टर जुना रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचू लागले. तेवढ्यात सुनंदानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ये क्या है?"

"गोळ्याच आहेत," ती म्हणाली. "यांनी केलंय."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "ये तो एकदम साफ है!"

"दोनदा गाळलंय साहेब," मी मान ताठ केली.

"गाळून जे राहिलं ते?"

"मोरीत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरे भाई, ही गोळी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गाळ हीच दवा होती!"

दीड महिना मी स्वतःच्या हातानं पोरीचं औषध टाकून तिला पाणी पाजत होतो. प्यायला पाणी मागावं, तर समोर होती ती तीच बाटली.

"म्हणजे," सुनंदा सावकाश म्हणाली, "सगळं औषध आमची मोरी प्यायली?"

"मग मोरीची तब्येत कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कधी नव्हे ती तुंबायची थांबलीय!"

डॉक्टर हसले, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. चूक वेळेत सापडली होती. पुन्हा अर्धीच गोळी. दोन चमच्यांत चुरून, घोटभर पाण्यात, तिथल्या तिथं. सुनंदा तसं देऊ लागली, आणि महिन्याभरात पिंकी शेजाऱ्यांच्या पेरूवर चढून खाली यायला नकार देऊ लागली.

त्या दिवशी निघताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत एक जास्तीची ओळ लिहिली होती. बाहेर आल्यावर सुनंदानं विचारलं, "काय लिहिलंय हो?"

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. त्यामुळे भर रस्त्यात ते मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं: "औषध वडिलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे!"